फ्लॉपीतला राजपुत्र

दिवाळीच्या आधी मामाचा मिरजेहून फोन आला. "अरे, माळा आवरायला काढलाय. बुटाच्या खोक्यात तुझ्या त्या फ्लॉप्या सापडल्यात. टाकून देऊ का? भंगारवाला खाली उभाच आहे."

"मामा, थांब. कशालाही हात लावू नकोस. मी शनिवारी येतो."

"आता त्या कशात घालणार तू?"

प्रश्न बरोबर होता. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हसुद्धा नाही, फ्लॉपीचं तर नावच नको. आमच्या टीममधल्या नवीन पोरांना फ्लॉपी म्हणजे 'सेव्ह'च्या बटणावरचं चौकोनी चित्र, बास. त्यांना दोष तरी कसा देणार? मी स्वतः फ्लॉपी वापरली ती शाळेच्या लॅबमध्ये आणि मामाच्या घरी, तीसुद्धा फक्त एका कामासाठी. प्रिन्स खेळायला!

नव्वदच्या दशकात मामाचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांच्या स्मरणिका. नंतर दुकानातला जुना पीसी घरी आला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा भावंडांच्या ताब्यात गेला. पांढऱ्या कपड्यातला तो माणूस, तुरुंग, साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. 'प्रिन्स मेगाहिट' टाईप करून चीट चालू करायची हे ज्ञान मला मोठ्या मावसभावाकडून मिळालं, त्याला त्याच्या सीनियरकडून. गुरुशिष्य परंपरा म्हणतात ती हीच. :)

तर मामाकडे जायच्या आधी, फ्लॉपी आज वाचायची कशी हे शोधायला बसलो आणि नेमकी त्याच खेळाची गोष्ट हाती लागली. प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ सोर्स कोड खुद्द ज्याने लिहिला त्याच्याकडून हरवला होता, आणि तोही घराच्या आवराआवरीतच सापडला. मला ही गोष्ट इतकी आवडली की आजचा अख्खा लेख तिच्यावरच.

गेम लिहिणारा माणूस जॉर्डन मेकनर. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याने 'करातेका' नावाचा गेम लिहिला. १९८४ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने तो काढला आणि तो धो धो चालला. पुढचा गेम १९८५ मध्ये सुरू केला आणि संपवायला त्याला १९८९ उजाडलं. चार वर्षं, एकटा माणूस, ६५०२ प्रोसेसरची असेंब्ली भाषा आणि अ‍ॅपल टू. त्या काळी कुठला आलाय फ्रेमवर्क.

त्या राजपुत्राचं धावणं-उडी मारणं इतकं खरं का वाटतं? कारण ते खरंच आहे. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंग लॉटमध्ये पळवलं, उड्या मारायला लावल्या, भिंतीला लटकवलं आणि व्हीएचएस कॅमेऱ्याने चित्रण केलं. मग टीव्हीवर एकेक फ्रेम थांबवून साध्या फिल्मच्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढले. ते धुऊन आणले. त्यावर काळ्या मार्करने आणि व्हाइटनरने आकृती ठळक केली, झेरॉक्स काढली आणि ती कॉम्प्युटरमध्ये घेतली. आज हे वाचूनच दमायला होतं. गेमचं संगीत केलं त्याच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी. म्हणजे भाऊ अभिनेता, वडील संगीतकार. आपल्याकडे याला घरचं कार्य म्हणतात.

एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चौथ्या लेव्हलला आरसा येतो, त्यातून उडी मारली की आपलाच काळा भूत-भाऊ बाहेर पडतो आणि मग पुढे छळत राहतो, आठवतंय? तो काही कथेची गरज म्हणून आलेला नाही. मेमरी संपली होती म्हणून आला. नवीन शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मग मेकनरने राजपुत्राचंच चित्र घेतलं, ते एक बिट सरकवून स्वतःशीच एक्सॉर केलं आणि एक थरथरणारी सावली मिळाली. जवळजवळ फुकटात! गेममधलं सगळ्यात लक्षात राहणारं पात्र मेमरीच्या टंचाईतून जन्मलं. (आमच्याकडे मेमरी कमी पडली की क्लाउडवर मोठं मशीन घेतात. आणि महिनाअखेरीस मॅनेजर विचारतो, बिल एवढं कसं?)

असो. मुद्दा असा की या चार वर्षांची खरी कमाई म्हणजे सोर्स कोड. गेम तर जगभर कॉपी झाला, अगणित फ्लॉप्यांवर पसरला, आमच्या मिरजेपर्यंत पोचला. पण गेम म्हणजे मशीनसाठीचे नुसते बाइट्स. लिहिणाऱ्याने कुठल्या रूटीनला काय नाव दिलं, कॉमेंटमध्ये काय लिहिलं, हे सगळं असेंबलरमधून बाहेर पडताना गळून जातं. श्रीखंडाकडे बघून सांगा बरं दूध कुठल्या गायीचं होतं.

२००२ च्या सुमारास युबिसॉफ्टबरोबर 'सँड्स ऑफ टाइम'चं काम चालू असताना मेकनरने तो जुना सोर्स शोधायला सुरुवात केली. नाही सापडला. मग अधूनमधून शोधत राहिला. दहा वर्षं. मी काही टाकून देणाऱ्यातला नाही, एवढंच तो स्वतःला समजावत राहिला. आणि मार्च २०१२ मध्ये न्यूयॉर्कहून वडिलांचा फोन. घर आवरताना कपाटाच्या तळाशी तुझं सामान सापडलं, खोकं पाठवून दिलंय.

खोक्यात वरवर होत्या त्याच्या गेम्सच्या स्पॅनिश आवृत्त्या, अ‍ॅमस्ट्रॅडच्या कॅसेटवरच्या. आणि त्यात दडलेल्या तीन छोट्या प्लास्टिकच्या डब्या. आत साडेतीन इंची फ्लॉप्या. लेबलवर लिहिलेलं: प्रिन्स ऑफ पर्शिया, सोर्स कोड, अ‍ॅपल, १९८९.

आता इथे आपल्यासारख्या माणसाला वाटतं, चला, सापडलं, संपलं. यूएसबी ड्राइव्ह घ्या आणि लावा. मलाही तसंच वाटलं होतं, पण हा ड्राइव्ह त्या फ्लॉप्या वाचूच शकत नाही.

कारण आकाराने सारख्या दिसणाऱ्या फ्लॉप्या आतून सारख्या नसतात. पीसीचा ड्राइव्ह चकती एकाच वेगाने फिरवतो, मिनिटाला ३०० फेरे. मधल्या छोट्या वर्तुळावर आणि कडेच्या मोठ्या वर्तुळावर सारखेच सेक्टर, १.४४ एमबीच्या फ्लॉपीत १८-१८. म्हणजे कडेची बरीच जागा वायाच जाते. अ‍ॅपलच्या लोकांना हे पटलं नाही. त्यांच्या ८०० केबीच्या ड्राइव्हमध्ये हेड जसं कडेला जाईल तशी मोटर हळू फिरते, आणि ट्रॅकवर जास्त सेक्टर मावतात. कडेला १२, मग ११, १०, ९ आणि आत ८. सरासरी १०. ८० ट्रॅक, दोन बाजू, ५१२ बाइटचा सेक्टर, गुणाकार करून पाहा, बरोबर ८०० केबी येतात. बिट्स लिहायची पद्धतही वेगळी. त्यामुळे पीसीच्या ड्राइव्हला ती फ्लॉपी म्हणजे अनोळखी लिपीतला ताम्रपट. दिसतंय की काहीतरी लिहिलंय, पण वाचणार कोण?

आणि २०१२ मध्ये मेकनरकडे होता मॅकबुक एअर. अ‍ॅपलने १९९८ च्या आयमॅकपासूनच फ्लॉपी ड्राइव्हला निरोप दिला होता. सोनीनेही मार्च २०११ मध्ये फ्लॉपीची विक्री थांबवली होती. म्हणजे लिहिणारा जिवंत, फ्लॉपी हातात, कंपनी जगात सगळ्यात श्रीमंत, आणि तरी वाचायची सोय नाही! मला या गोष्टीत हीच जागा सगळ्यात भीतीदायक वाटते. आपण बॅकअप बॅकअप म्हणून ओरडतो तेव्हा आपल्या डोक्यात डिस्क खराब होणं असतं. डिस्क एकदम ठणठणीत आणि वाचणारं यंत्रच पृथ्वीवरून नाहीसं, हा विचार माझ्या तरी मनात कधी आला नव्हता.

मदतीला आला जेसन स्कॉट. इंटरनेट अर्काइव्हचा माणूस, जुन्या सॉफ्टवेअरचा कैवारी. याच माणसाने २०११ मध्ये फ्लॉपीवाल्यांना जाहीर बजावलं होतं की आता उशीर झालेला आहे, वाचलं तर नशीब समजा. त्याच्याबरोबर टोनी डियाझ, अ‍ॅपल टूची यंत्रं वर्षानुवर्षं जपून, दुरुस्त करून, चालती ठेवणारा संग्राहक. १६ एप्रिल २०१२ ला ही मंडळी आपल्या यंत्रांसकट मेकनरच्या घरी जमली. आणि डियाझच्या अ‍ॅपल टूवर त्या फ्लॉप्या चक्क पहिल्या फटक्यात वाचल्या गेल्या. बावीसेक वर्षांनी!

आता, जुनी फ्लॉपी थेट ड्राइव्हमध्ये ढकलणं हा जुगारच. प्लास्टिकच्या पातळ चकतीवर चुंबकीय कणांचा लेप असतो आणि तो एका चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो. वर्षांनुवर्षांनी ते द्रव्य सुटायला लागतं. हेड चकतीला घासूनच चालतं, त्यामुळे लेप सैल असेल तर वाचता वाचताच खरवडून निघतो. म्हणजे पहिलं वाचन तेच शेवटचं. शिवाय तो खरवडलेला चिखल हेडला बसतो आणि पुढच्या फ्लॉपीलाही घेऊन बुडतो. म्हणून जाणकार लोक आधी चकती उजेडात बघतात, बुरशी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड साफ करतात. आणि एकेक फाइल उघडून बघण्याऐवजी अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा उतरवून घेतात. अर्थ नंतर लावता येतो, आधी खुणा उचला.

यासाठी क्रायोफ्लक्स नावाचं एक छोटं बोर्ड मिळतं. ते सेक्टर-बिक्टर काही बघत नाही. चुंबकत्वाची दिशा किती किती वेळाने बदलते तेवढंच मोजून सगळं नोंदवतं. मग ती फ्लॉपी अ‍ॅपलची की अमिगाची हे नंतर सॉफ्टवेअरने ठरवा. साध्या, एका वेगाच्या ड्राइव्हनेही विचित्र फ्लॉप्या वाचायची ही युक्ती मला भलतीच आवडली.

मेकनरच्या गेमची विक्रीची फ्लॉपी तर याहून वाईट होती. अ‍ॅपल टूच्या सव्वापाच इंची फ्लॉपीवर ट्रॅकला १६ सेक्टर असतात. प्रिन्ससाठी रोलँड गुस्ताफसन या पठ्ठ्याने स्वतःची पद्धत बनवून १८ बसवले होते. जागाही जास्त, आणि चोरांना कॉपीही करता येऊ नये. कुलूप चांगलंच होतं. फक्त अशा कुलपांची किल्ली कंपनीबरोबर मरते. आमच्याकडच्या प्रिन्समध्येही पहिल्या लेव्हलनंतर एक खोली यायची, बाटल्यांवर अक्षरं, मॅन्युअल बघून बरोबर ती प्यायची. मॅन्युअल कुणाच्या बापाने पाहिलं होतं? आम्ही अंदाजाने पीत पीत मरायचो. पायरसीचं समर्थन करत नाही, पण तो गेम जगभर जिवंत राहिला त्यात कुलूप तोडणाऱ्यांचा वाटा आहे, हे नाकारण्यात काय अर्थ?

दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलला, मेकनरने सगळा कोड गिटहबवर टाकून दिला. मी एका रविवारी बसून चाळला. ६५०२ मला येत नाही, इंजिनिअरिंगला ८०८५ घासला होता तेवढ्याच भांडवलावर. पण सीक्वेन्स टेबलची फाइल उघडली आणि अंगावर काटा आला. धावणं, उडी, कड्याला लटकणं, एकेक हालचाल फ्रेमच्या आकड्यांची माळ म्हणून लिहिलेली. त्या पार्किंग लॉटमधलं डेव्हिडचं पळणंच की ते!

याआधी, २०११ मध्ये, एका पठ्ठ्याने हाच गेम कमोडोर ६४ वर आणला होता. सोर्स नव्हता, म्हणून त्याने अ‍ॅपलच्या गेमचे बाइट्स उलगडत उलगडत अडीचएक वर्षं काढली. आणि सहाच महिन्यांत मूळ कोड फुकट उपलब्ध! पुढे २०१८ मध्ये बीबीसी मास्टरवर प्रिन्स आला तो मात्र या कोडवरूनच.

मेकनर नशीबवान. लेबल लिहिलेलं, फॉरमॅट माहितीचा, यंत्र जपणारा माणूस हाकेच्या अंतरावर. 'स्टार ट्रेक'चा जनक जीन रॉडनबेरी १९९१ मध्ये वारला, त्याच्या मागे सुमारे २०० फ्लॉप्या राहिल्या. त्या ज्या कॉम्प्युटरवर लिहिल्या तो खास त्याच्यासाठी बनवलेला. त्याच्याकडच्या दोनपैकी एक यंत्र लिलावात गेलं होतं, दुसरं चालत नव्हतं. ड्राइव्हसेव्हर्स कंपनीच्या लोकांना त्या फ्लॉप्या वाचायचं सॉफ्टवेअरच आधी लिहावं लागलं, आणि त्यातच काही महिने गेले.

अँडी वॉरहॉलची तऱ्हा आणखी निराळी. १९८५ मध्ये अमिगाच्या जाहिरातीसाठी त्याने त्या कॉम्प्युटरवर चित्रं काढली. त्या फ्लॉप्या पिट्सबर्गच्या वॉरहॉल म्युझियममध्ये नीट सांभाळून ठेवलेल्या होत्या. कार्नेगी मेलनच्या कॉम्प्युटर क्लबच्या पोरांनी क्रायोफ्लक्सने त्या उतरवल्या, फाइलींची नावंही दिसली, सूपच्या डब्याचं चित्र असणार हे नावावरून कळतही होतं. पण फाइल उघडेना! ज्या प्रोग्रॅमने काढली तो बाजारात येण्याआधीचा अर्धाकच्चा होता, त्याचा फॉरमॅट कुणालाच माहीत नव्हता. तो उकलला तेव्हा कुठे चित्रं दिसली, आणि २०१४ मध्ये ती जगापुढे आली.

ही वॉरहॉलची गोष्ट वाचली तेव्हा मी नुसता हसलो होतो. मिरजेहून परत आल्यावर हसू गेलं.

खोक्यात २३ फ्लॉप्या होत्या. पीसीच्याच, म्हणजे माझ्या यूएसबी ड्राइव्हला चालणाऱ्या. पाचांच्या चकतीवर पांढरी बुरशी, त्या बाजूला ठेवल्या. उरलेल्यांपैकी चौदा उघडल्या. प्रिन्सची फ्लॉपी, अर्थातच, उघडली नाही. पण एकीवर मामाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दादा - आठवणी'.

दादा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी वहीत आठवणी लिहिल्या आणि १९९७ मध्ये मामाने दुकान बंद झाल्यावर रात्री बसून त्या टाईप केल्या. पुस्तक काढायचं होतं. पैसे जमले नाहीत. वही २००५ च्या पुराच्या पाण्यात गेली. आईने मला हे कधी सांगितलंच नव्हतं.

फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. वाटलं, फ्लॉपी सडली. पण फ्लॉपी एकदम ठीक होती. युनिकोड आपल्याकडे रुळायच्या आधीचा तो फाँट. त्या काळी डीटीपीचे फाँट रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. अर्धा क एका जागी, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या, आणि प्रत्येक कंपनीची वाटणी वेगळी. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी टाईप होते. फाँट असेल तर मराठी दिसणार, नसेल तर कचरा.

मामाला फोन केला. "फाँट? तो कॉम्प्युटरमध्येच होता की. मागे प्रिंटरच्या पोर्टला एक डोंगल लावावं लागायचं, त्याशिवाय सॉफ्टवेअर चालूच व्हायचं नाही."

"मग ते डोंगल कुठंय?"

मामा जरा वेळ गप्प. "कॉम्प्युटरलाच लावलेलं होतं रे. २००९ ला भंगारात दिला ना तो. सगळा मिळून तीनशे रुपये आले."

इंटरनेटवर असे फाँट युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, त्यातले सापडले तेवढे लावून पाहिले. आमचा फाँट त्यांच्यातल्या कशाशीच जुळला नाही. शेवटी मामीने कपाटातून एक कागद काढला. तेव्हा मामाने पुस्तक कसं दिसेल ते दाखवायला दादांसाठी एकच पान लेझरवर छापलं होतं, ते तिने देवांच्या पोथ्यांबरोबर ठेवलं होतं. बस्स, तेवढं एक पान आणि त्याचीच फाइल. डावीकडे कागद, उजवीकडे कचरा, एकेक अक्षर जुळवत तक्ता बनवतोय. पायथनमध्ये वीस ओळी आहेत, काम सगळं तक्त्याचं आहे. चार शनिवार झाले.

साधी अक्षरं सगळी झाली. जोडाक्षरांनी जीव काढलाय. त्या एका पानात जी आली नाहीत ती अंदाजानेच बसवावी लागतात, मग आईला फोन करून वाचून दाखवायचं आणि विचारायचं, दादा असं म्हणायचे का? परवा एक वाक्य होतं, पहिल्या नेमणुकीच्या गावी पोचल्याचं. 'शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची ओसरी, आणि फळा म्हणून एक' आणि पुढे दोन चिन्हं, ज्यांचा अर्थ मला लागत नाही.

आई म्हणाली, "दार असेल. ते सांगायचे, दाराची फळी उलटी करून त्यावर लिहायचो."

दोनच चिन्हं आहेत, दार बसत नाही. तक्त्यात सध्या प्रश्नचिन्ह ठेवलंय. पुढचं पान या शनिवारी.